चिठ्ठीतील संध्या

माझ्या हातून लिहिल्या गेलेल्या एका शब्दामुळे दोन गावांमधील विश्वास अकरा दिवस तुटून राहिला होता. तो पुन्हा जोडला गेला ही महादेवाची कृपा. जोडताना माझा अभिमान तेवढा मोडला, आणि तो मोडला हेही बरेच झाले. आता वय झाले आहे. सकाळी अर्घ्य देऊन पळीपंचपात्र आवरताना तो शब्द अजूनही मला आठवतो. प्रथम लाज वाटते, मग हसू येते, आणि शेवटी छातीवरचे ओझे नुकतेच उतरल्यासारखे मोकळे वाटते.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार-पाच वर्षे झाली असतील. आमचे गाव अमडापूर आणि उंद्री यांच्या मधल्या पट्ट्यात, सडकेपासून थोडे आत. बारा वर्षे गुरुगृही राहून, वेदपठण आणि व्याकरण शिकून मी परत आलो होतो व देवळाची पूजा माझ्याकडे होती. गावात लिहिता येणारे आणखीही होते. परंतु महत्त्वाचा कागद माझ्याच हातचा असावा असा लोकांचा आग्रह असे. माझे अक्षर वळणदार होते आणि भाषा, माझ्या मते, शुद्ध होती. मी मसुदा वाचून दाखवला की मंडळी माना डोलावत. मान डोलावणे निराळे आणि अर्थ कळणे निराळे, ही साधी गोष्ट मला चाळिशी उलटली तरी कळली नव्हती.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या भागात बैलचोरांनी उच्छाद मांडला. रब्बीच्या पेरणीचे दिवस. तिफण शेतात आणि गोठा रिकामा, अशी पाळी चार-पाच घरांवर आली. चोर निरनिराळ्या गावांतून एकेक बैल सोडत, खोऱ्यातल्या झाडीत जमवत, आणि मग सगळा तांडा हाकत घाटाखाली नेत. त्या खोऱ्याला दोन तोंडे होती. वरचे आमच्या शिवाराला लागून. खालचे नदीपलीकडच्या गावाजवळ, आमच्यापासून दोन कोसांवर. पोलीस ठाण्याचे जमादार एकदा येऊन पंचनामा करून गेले, आणि आपली माणसे थोडी असल्याने गावांनीच रक्षक दल उभारावे असे सुचवून गेले.

आमच्या गावात एक निवृत्त हवालदार होते. जुन्या फौजेतून ते समुद्रापलीकडच्या वाळवंटात लढून आले होते. तेथे दोस्त राष्ट्रांच्या फौजा एकत्र होत्या; एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे, एकाचे जेवण दुसऱ्याला चालत नसे, तरी सर्वांना एकाच रेषेत उभे राहावे लागे. हवालदारांनी पहिल्याच बैठकीत सांगितले की एका गावाने हे काम होणार नाही. दोन्ही तोंडे एकाच वेळी धरली तरच चोर सापडेल. म्हणून नदीपलीकडच्या गावाशी शपथेचा करार करावा.

हे सर्वांना पटले, पण कुजबुजही सुरू झाली. नदीपलीकडच्या गावाचे पुढारपण ज्या शेतकऱ्याकडे होते, तो सरळ आणि शब्दाचा मनुष्य. परंतु त्याची थोरली मुलगी घाटाखालच्या एका गावात दिली होती, आणि चोर त्याच बाजूचे असावेत असा सर्वांचा संशय होता. शिवाय त्याच्या धाकट्या मुलाशी हवालदारांच्या मुलीची सोयरीक ठरली होती. सुपारी फुटली होती आणि लग्न मार्गशीर्षात व्हायचे होते. म्हणून एकाने हवालदारांच्या तोंडावरच विचारले की इवायाच्या ओढीने तर हा करार होत नाही ना. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात.

हवालदारांनी वाळवंटातलीच गोष्ट काढली. "आमच्या बाजूनं चार मुलखाचे शिपाई होते," ते म्हणाले. "कोनाची लेक कोन्या गावात देल्ली, हे इचारत बसलो असतो तं तोफ कोन डागली असती?"

करारनामा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी दोन दिवस खपून तो लिहिला आणि त्याच्या शिरोभागी मोठ्या अक्षरांत 'संधिपत्र' असा शब्द घातला. दोन सत्तांनी परस्परांस साह्य करण्याचे वचन देणे म्हणजे संधी; नीतिशास्त्रात राजाने वापरावयाच्या सहा धोरणांपैकी हे पहिले, आणि दोहोंकडे पाय ठेवणे, म्हणजे द्वैधीभाव, हे शेवटचे. हे सर्व मी मंडळींना विस्ताराने समजावून सांगितले. माझे बोलणे संपल्यावर मागून एका म्हाताऱ्याने विचारले, "बुवा, संधी म्हंजे चोर धरायची संधी न?" सगळे हसले. मीही हसलो आणि त्याला पुन्हा अर्थ सांगितला. तो प्रश्न म्हणजे मला मिळालेली पहिली सूचना होती. ती मी ऐकली, पण घेतली नाही.

दुसरी सूचना हवालदारांची. फौजेत चाल करण्यापूर्वी सगळे अधिकारी आपापली घड्याळे एकमेकांशी जुळवून घेत. तसे आपणही निरोपात तास आणि मिनिटे लिहावीत, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही गावांत मिळून चालणारे घड्याळ एकच, आणि तेही हवालदारांच्याच मनगटावर. मी म्हणालो की ज्यांच्याजवळ घड्याळच नाही त्यांना तास लिहून काय उपयोग. सूर्यनारायण सर्वांना दिसतो, काळ त्याच्यावरूनच सांगावा. हवालदारांना ते पटले. माझे म्हणणे चुकीचेही नव्हते. चूक पुढे झाली.

दोन्ही गावांची माणसे आमच्या देवळात जमली आणि बेलभंडार उचलून शपथ झाली. महादेवाच्या पिंडीवरचे बेलाचे पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घेऊन प्रत्येक बाजूच्या मुख्याने सांगितले की निरोप येताच माणसे घेऊन येऊ, आणि न आलो तर देव पाहून घेईल. आमच्याकडून हवालदारांनी शपथ घेतली, पलीकडून त्यांच्या होणाऱ्या इवायांनी. ती दोन पाने मी गाभाऱ्याबाहेरच्या कोनाड्यात जपून ठेवली.

कार्तिक वद्यात इवाई एक दिवस स्वतः आले आणि हवालदारांना व मला बाजूला घेऊन म्हणाले की अमावास्येला चोर तांडा खाली नेणार आहेत. बातमी पक्की आहे. पण कोठून आली ते विचारू नका. आम्ही विचारले नाही. ते हरभऱ्याच्या पेरणीत गुंतले होते, म्हणून लगेच परतले. वेळ ठरवायची राहिली होती. हवालदारांनी खोऱ्याची वाट पायांनी तुडवून पाहिली आणि अनुमान केले की तो दगडधोंड्यांचा उतार अंधारात बैलांना उतरवता यायचा नाही. चोर पहाट फुटताना निघतील. आमच्या दलाला हे तोंडी सांगून झाले. नदीपलीकडे कळवायला त्यांनी मला चिठ्ठी लिहावयास सांगितले.

मी नुकताच नदीवरून स्नान करून आलो होतो. ओले धोतर वाळत घातले आणि लिहावयास बसलो. लिहिले ते असे: कार्तिक अमावास्येस संध्यासमयी आपल्या दलातील सर्व मंडळींनी खोऱ्याच्या खालच्या मुखाशी उपस्थित राहावे. खाली सही केली. गावचा कोतवाल ती घेऊन गेला आणि पोचल्याचा निरोप घेऊन आला.

अमावास्येच्या पहाटे आमची वीस माणसे लाठ्या घेऊन खोऱ्याच्या वरच्या तोंडाशी उभी राहिली. अनुमान अगदी बरोबर निघाले. उजाडू लागताच झाडीतून बैलांच्या खुरांचा आवाज आला. हवालदारांनी शिंग वाजवायला लावले, म्हणजे खालच्या तोंडाशी असलेल्यांना कळावे. खालून उलट शिंग वाजले नाही. पुन्हा वाजवले, खोऱ्यात नुसता प्रतिध्वनी घुमला. आमची माणसे आत घुसली, झटापट झाली, एका गड्याचा हात मोडला. चोर खालच्या तोंडातून, कोणी अडवणारेच नसल्यामुळे, सहा बैल घेऊन निघून गेले. दोन बैल दमून मागे राहिले, तेवढे हाती लागले.

दुसऱ्या दिवशी उडत-उडत कानी आले की नदीपलीकडचे लोकच आमच्यावर रागावले आहेत, आम्ही त्यांना फसवले असे म्हणत आहेत. हे ऐकून आमच्या गावाचा संताप दुप्पट झाला. न येणाऱ्याने वर दोष द्यावा? कोणी म्हणाले, बातमी त्यानेच आणली, ती कोठून आली ते त्याने सांगितले नाही, आणि आपल्याला वरच्या तोंडाशी उभे करून खालचे तोंड त्याने मोकळे ठेवले. घाटाखाली लेकीचे घर आहे. तिकडच्या माणसांवर तो हात कसा उगारील? एकेक गोष्ट दुसरीशी अशी नेमकी बसत होती की मलाही वाटले, हेच खरे असावे. द्वैधीभाव हा शब्द मनात आला, आणि योग्य शब्द सापडल्याचे समाधानही झाले. हे कबूल करताना आज संकोच वाटतो.

आठव्या दिवशी हवालदार देवळात आले. पायरीवर बसले. मग त्यांनी सांगितले की एकादशीला बैठक बोलावली आहे आणि इवायांना येण्याचा निरोप पाठवला आहे. त्यांनी न येण्याचे कारण नीट सांगितले तर ठीक. नाही तर करार मोडला असे देवासमोर जाहीर होईल, आणि त्याच वेळी सुपारी परत करावी लागेल. शपथ मोडणाऱ्याच्या घरी मुलगी दिली, तर ज्याचा हात मोडला त्याला तोंड कसे दाखवायचे? मुलीला अजून काही सांगितले नव्हते.

"एका बाजूनं माही पलटन," ते म्हणाले, "न दुसऱ्या बाजूनं माही लेक. मधात मी उभा. तिकडं वायवंटात असा पेच कधी पडला नोयता."

मुलीला सांगितले नव्हते, पण तिला सर्व कळले होते. ती रोज सकाळी बेल आणि झेंडूची फुले घेऊन देवळात येत असे. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा फुले ठेवून ती कोनाड्यापाशी थांबली. दोन पाने तेथे होती, त्यांच्या कडा आत वळू लागल्या होत्या.

"बुवा, खोटी शपथ घेतली तं त्या मानसाचं पान आधी वायते काय?" तिने विचारले.

दोन्ही पाने एकाच फांदीची होती आणि सारखीच वाळत होती. मी तसे सांगितले. तिला त्याने धीर आला की नाही कोण जाणे. तिने आपल्या पदराने कोनाड्यातली धूळ पुसली, पाने होती तशीच ठेवली आणि निघून गेली. शपथ वाहिलेल्या दोघांत तिचा एक बाप आणि एक होणारा सासरा, हे माझ्या ध्यानात ती गेल्यावर आले. त्या मुलीचे घर अजून वसायचे होते, आणि ते माझ्या देवळातल्या बैठकीत वसणार किंवा मोडणार होते.

मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला दुपारी बैठक बसली. सभामंडप भरला होता. मोडक्या हाताचा गडी गळ्यात झोळी बांधून पुढेच बसला होता. इवाई येणार नाहीत असे पुष्कळांना वाटत होते. परंतु ते आले, आणि पाच माणसे घेऊन आले. त्यांनी जोडे बाहेर काढले, देवाला नमस्कार केला आणि हवालदारांच्या समोर बसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

हवालदारांनी विचारले की शपथ घेऊनही आपण का आला नाहीत.

"आलो होतो," इवाई म्हणाले. "चाळीस मानसं घेऊन आलो होतो. तुमीच नोयते."

मंडपात एकदम गलका झाला. कोणी म्हणाले, धडधडीत खोटे. कोणी झोळीतल्या हाताकडे बोट दाखवले. मागून एकाने ओरडून विचारले की अमावास्येची बातमी मग तुम्हाला दिली कोणी, ते तरी देवासमोर सांगा. इवायांचा चेहरा उतरला. हवालदारांनीही तोच प्रश्न हळू आवाजात पुन्हा विचारला, आणि सुपारीचा विषय निघण्यापूर्वी उत्तर मिळाले तर बरे, असेही सुचवले. इवायांनी मान हलवली.

"ते मी सांगत नाई," ते म्हणाले. "सोयरीक मोडायची तं मोडा. पन आमी आलो होतो, न तुमच्याच कागदावरून आलो होतो." आणि त्यांनी मुंडाशाच्या घडीतून एक चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. "वाचा बुवा. तुमचंच अक्षर हाये."

मी चिठ्ठी उघडली आणि मोठ्याने वाचू लागलो. कार्तिक अमावास्येस, येथपर्यंत वाचले. पुढच्या शब्दापाशी जीभ थांबली.

माझ्या घरात संध्या म्हणजे सकाळ. वडिलांच्या काळापासून 'संध्या झाली का' हा प्रश्न आमच्याकडे सूर्य उगवताना विचारला जातो. ती झाल्यावाचून तोंडात पाणी घालायचे नाही. दिवसाला तीन संध्या सांगितल्या आहेत, परंतु काही विशेषण न लावता नुसती संध्या म्हटली की माझ्या मनात उभी राहते ती पहिली, पूर्वेकडे तोंड केलेली, गार पाण्यातली. तोच शब्द मी लिहिला होता. आणि तो वाचणाऱ्या सबंध गावाला, किंबहुना सबंध जिल्ह्याला, संध्या म्हणजे संध्याकाळ. आमच्या माणसांना पहाटेची वेळ तोंडी कळली होती, त्यामुळे हा कागद पुन्हा कोणी पाहिलाच नव्हता.

त्या एका क्षणात माझ्या मनाने जे केले ते मी लपवू इच्छित नाही. मनाने आधी सुटकेची वाट शोधली. व्याकरण माझ्या बाजूचे होते. शब्द अशुद्ध नव्हता. शास्त्रार्थाने मी सिद्ध करू शकलो असतो की संध्यासमय म्हणजे प्रातःकाळ असाच अर्थ प्रथम घेतला पाहिजे, आणि दोष नदीपलीकडे चिठ्ठी वाचून दाखवणाऱ्याचा आहे. सर्वांनी माना डोलावल्या असत्या. इवाई द्रोही ठरले नसते, फक्त अडाणी ठरले असते. आणि माझे अक्षर, माझी भाषा, माझे नाव जागच्या जागी राहिले असते. दोन गावांनी एकमेकांवरची निष्ठा तपासायला ही बैठक भरवली होती, आणि त्या मंडपात दोहोंकडे पाय ठेवून उभा असलेला मनुष्य एकच होता. तो मी.

माझी नजर कोनाड्याकडे गेली. पुसलेली जागा स्वच्छ दिसत होती.

मी चिठ्ठी खाली ठेवली, उठून उभा राहिलो आणि हात जोडून सांगितले की चूक माझी आहे. दोन्ही गावे खरी आहेत. मी संध्या लिहिले ते सकाळच्या अर्थाने; तुम्ही वाचले ते संध्याकाळ म्हणून, आणि तसेच वाचायला हवे होते. या गड्याचा हात, ते गेलेले बैल आणि हे अकरा दिवस, सगळे माझ्या त्या शब्दाकडे लागते. दोन्ही गावे जे प्रायश्चित्त सांगतील ते मी घेईन.

मग हवालदारांनी कपाळाला आठ्या घालून विचारले, "म्हंजे बुवा, तुमच्या घरी संध्या सकायी होते?"

मी म्हणालो की सकाळी होते, दुपारी होते आणि सायंकाळीही होते. तीन वेळा.

"तीन डाव?" इवाई म्हणाले. ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या मिशा हलू लागल्या होत्या. "मंग आमी एकच डाव आलो हे आमचंच चुकलं."

प्रथम मोडक्या हाताचा गडी हसला. हसताना झोळी हलून त्याला कळ आली, तरी तो हसतच राहिला. मग सगळा मंडप हसला. इतक्या दिवसांचा राग लोकांच्या अंगातून असा निघून गेला की काही जणांच्या डोळ्यांत पाणी आले. नदीपलीकडचे पाच जण आता सर्वांवर ताण करून बोलू लागले. दिवेलागणीला ते चाळीस जण भाकऱ्या बांधून, कपाळाला भंडारा लावून खोऱ्याच्या तोंडाशी कसे बसले. शिंगाची वाट पाहून कान कसे दुखू लागले. अंधार पडू लागल्यावर त्यांच्यातला एक कसा म्हणाला की इवायानं पंगतीला बोलावून पाट उलटे ठेवले. दुसऱ्या दिवशी, आदल्या पहाटेच्या झटापटीची हकीकत कळल्यावर त्यांना वाटले, चोर धरण्याचा मान एकट्याने घ्यावा म्हणून आम्ही त्यांना मुद्दाम उशिरा बोलावले. म्हणजे अकरा दिवस दोन्ही गावांनी एकमेकांवर एकच आरोप, एकाच खात्रीने केला होता.

बातमी कोणी दिली हा प्रश्न पुन्हा कोणी काढला नाही. हवालदार उठून इवायांच्या शेजारी जाऊन बसले. सुपारीचे नाव त्यांनी घेतले नाही. फक्त एकादशीचा फराळ आपल्या घरी करायचा आहे, भगर आणि शेंगदाण्याची आमटी झाली आहे, एवढे सांगितले. हवालदारांच्या घरी आमटी किती माणसांची केली होती ते मी विचारले. पंचवीस, असे कळले. इवाई आणि त्यांची माणसे, आम्ही काही मंडळी, असा हिशेब मुलीने सकाळीच धरला होता. बापाने सुपारी परत करायची तयारी चालवली असताना तिने पाहुण्यांचे दाणे भाजले होते.

माझे प्रायश्चित्त फराळानंतर ठरले. मोडक्या हाताच्या गड्याचे शेत त्या हंगामात मी पेरून घ्यावे, असे मीच सुचवले. गावकऱ्यांनी ते हसून नाकारले, कारण माझ्या हातची तिफण सरळ जाणार नाही याची सर्वांना खात्री होती. शेत दोन्ही गावांनी मिळून पेरून दिले. मला एवढेच सांगितले गेले की यापुढे दलाचा कागद लिहिला की तो ज्याला जायचा त्याच्यासारख्या एखाद्याला वाचून दाखवावा आणि काय कळले ते त्याच्या तोंडून ऐकावे.

परत जाताना इवायांनी नदीपर्यंत हवालदारांना आणि मला सोबत घेतले. पाण्याशी पोचल्यावर, आपली पाच माणसे पुढे गेली आणि आजूबाजूला कोणी नाही हे पाहून, त्यांनी सांगितले की अमावास्येची बातमी त्यांच्या थोरल्या लेकीने कळवली होती. तिच्या सासरच्यांचा चोरीशी संबंध नव्हता. पण गावातल्या काहींचा होता, आणि विहिरीवर पाणी भरताना तिच्या कानावर शब्द पडले. माहेरच्या बैलांसाठी तिने ते बांगड्या भरणाऱ्या कासारणीबरोबर बापापर्यंत पोचवले. तिचे नाव बैठकीत निघाले असते तर तिला त्या गावात राहणे कठीण झाले असते.

हवालदार म्हणाले, "एका लेकीचं घर राहावं म्हनून दुसरीचं मोडू देत होता तुमी."

"तुमची लेक माह्या घरी येनारच होती," इवाई म्हणाले. "मले मालूम होतं, बुवा कागद वाचतीन."

माझ्यावर एवढा विश्वास त्यांनी कशाच्या आधारावर टाकला होता, हे मला तेव्हाही कळले नाही. ती थोरली लेक आता हयात नाही, तिला ओळखणारेही फारसे उरले नाहीत. म्हणून हे लिहितो.

लग्न वद्य पंचमीला झाले. पत्रिका मीच लिहिली. मुहूर्ताची चिठ्ठी घेऊन गेलो तेव्हा इवायांनी ती हातात घेतलीच नाही. मुहूर्त सकाळचा की सांजचा ते तोंडानेच सांगा, म्हणाले. सकाळचा, मी सांगितले. मग त्यांनी घरातल्या चौघांकडून तो शब्द माझ्यासमोर वदवून घेतला, आणि बायकांनी पदराआड हसून घेतले. वऱ्हाड वेळेवर आले.

मार्गशीर्ष अमावास्येला चोर पुन्हा उतरणार अशी बातमी आली, कोठून ते आता आम्ही तिघे जाणत होतो. मी चिठ्ठी लिहावयास बसलो. प्रातःसमयी हा शब्द लेखणीच्या टोकाशी आला होता. तो मी लिहिला नाही. समोर देवळाची झाडलोट करणारी म्हातारी होती. तिला विचारले, की बाई, सूर्य वर यायच्या आधी, नुकते कोठे दिसू लागते, त्या वेळेला तुम्ही काय म्हणता? तिने मला ते ठाऊक नसावे याचे नवल केले आणि सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वळणदार अक्षरांत तो शब्द उमटला: झुंजूमुंजू. चिठ्ठी मी तिला वाचून दाखवली. तिने अर्थ बरोबर सांगितला.

त्या दिवशी मी नदीवर नेहमीच्या दगडावर उभा होतो. पाणी फार गार होते. ओंजळ भरली, आणि वरच्या तोंडाकडून आमचे शिंग वाजले. मी ओंजळ तशीच धरून थांबलो. अर्घ्य देताना थांबणे बरे नव्हे, पण थांबलो. आणि खालून, नदीपलीकडून, शिंगाने शिंगाला उत्तर दिले. एकदा, आणि खात्री पटावी म्हणून पुन्हा एकदा. ओंजळीतले पाणी मी सूर्याला दिले.

चोर दोन्ही तोंडांच्या मध्ये सापडले आणि जमादारांच्या स्वाधीन झाले. त्यांत थोरल्या लेकीच्या सासरचे कोणी नव्हते. दुपारी इवाई देवळात आले तेव्हा मी विचारले की आज माणसे वेळेवर कशी जमली. ते म्हणाले, जमवावी लागलीच नाहीत. नव्या सुनेने पहाटे घराघराच्या कड्या वाजवून सगळ्यांना उठवले होते.

"माह्या माहेरची चिठ्ठी हाये म्हने," ते सांगू लागले, "येक्याचाबी वख्त चुकला तं मलेच बोल लागन."

इवाई गेल्यावर मी कोनाड्यातली दोन्ही पाने काढली. ती आता पूर्ण वाळली होती, दोन्ही सारखीच. नदीच्या पाण्यात सोडली, आणि माध्याह्नसंध्येची वेळ होत आली होती म्हणून तेथेच हातपाय धुऊन बसलो.